जुनी गाडी विजेवर, की कारखान्यातील नवी? रूपांतर आणि खरेदी यांचा हिशेब

दहा-बारा वर्षे वापरलेली, तरीही चालती-फिरती पेट्रोल गाडी गोव्यातील अनेक घरांच्या अंगणात उभी असते. विकायला काढली तर तिला जेमतेम दीड-दोन लाख रुपये येतात. नवी इलेक्ट्रिक गाडी घ्यायची तर आठ लाखांच्या आसपास सुरुवात होते. या दोहोंच्या मध्ये एक तिसरा मार्ग सुचवला जातो. जुन्या गाडीचे इंजिन काढायचे, त्या जागी विद्युत मोटर आणि बॅटरी बसवायची आणि तीच गाडी विजेवर चालवायची. यालाच ‘रेट्रोफिटिंग’ किंवा रूपांतर म्हणतात. हा मार्ग भारतात कायदेशीर आहे, परंतु त्याला अटी आहेत. या अटी आणि गाडीच्या सांगाड्याची अवस्था विचारात न घेता घेतलेला निर्णय पुढे महागात पडू शकतो. रूपांतर आणि खरेदी या दोन्ही पर्यायांची कायदा, खर्च, सुरक्षितता आणि गोव्याचे हवामान या चार अंगांनी केलेली ही तुलना.

रूपांतरात काय बदलते

रूपांतर म्हणजे केवळ इंजिनाच्या जागी मोटर बसवणे, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात इंजिनाबरोबर इंधनाची टाकी, सायलेन्सर, रेडिएटर आणि त्यांच्या नळ्या जातात. त्यांच्या जागी विद्युत मोटर, मोटरला हवा तेवढा वीजप्रवाह पुरवणारा कंट्रोलर, बॅटरी, बॅटरीतील प्रत्येक सेलवर लक्ष ठेवणारी ‘बीएमएस’ ही नियंत्रण यंत्रणा आणि घरच्या विजेवर बॅटरी भरणारा चार्जर येतो. दिवे, हॉर्न आणि वायपर १२ व्होल्टवर चालतात. त्यामुळे मोठ्या बॅटरीचा दाब तेथवर उतरवणारा डीसी-डीसी कन्व्हर्टरही लागतो. अनेक संचांमध्ये मूळ गिअरबॉक्स तसाच ठेवून मोटर त्याला जोडली जाते.

ज्या गोष्टी सहसा जाहिरातीत नसतात, त्यांपैकी पहिली ब्रेकची. पेट्रोल गाडीचे ब्रेक हलक्या पायाने लागतात, कारण इंजिनात निर्माण होणाऱ्या निर्वाताचे साहाय्य ब्रेक बूस्टरला मिळत असते. इंजिन गेले की तो निर्वातही जातो. म्हणून विजेवर चालणारा व्हॅक्यूम पंप बसवणे अपरिहार्य ठरते. वातानुकूलनाचा कॉम्प्रेसर इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो, त्यामुळे त्यालाही विद्युत पर्याय द्यावा लागतो. जुन्या गाडीचे पॉवर स्टीअरिंग हायड्रॉलिक असेल तर त्याच्या पंपाचीही तीच गोष्ट. कमी किमतीच्या अंदाजपत्रकात बहुधा यांपैकीच काहीतरी वगळलेले असते. वातानुकूलन नसलेली गाडी गोव्याच्या मे महिन्यात किती वापरली जाईल, याचा विचार मालकाने आधीच करावा.

कायद्याची चौकट

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार, उत्पादकाने ठरवलेल्या आणि नोंदणी प्रमाणपत्रात लिहिलेल्या तपशिलांपेक्षा वेगळा बदल मालकाला गाडीत करता येत नाही. मात्र सीएनजी, एलपीजी किंवा बॅटरी अशा वेगळ्या ऊर्जास्रोतावर गाडी चालवण्यासाठी विहित अटींनुसार रूपांतर संच बसवण्यास याच कलमात मुभा आहे. ज्यांनी गाडीला सीएनजी संच बसवून नोंदणी प्रमाणपत्रावर तशी नोंद करून घेतली आहे, त्यांना ही पद्धत परिचित असेल. बदल केल्यावर चौदा दिवसांच्या आत नोंदणी अधिकाऱ्याला कळवणे बंधनकारक आहे.

गाडी संपूर्णपणे विजेवर आणण्यासाठीच्या अटी केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०१६ मध्ये समाविष्ट झाल्या. त्यानुसार गाडी १ जानेवारी १९९० रोजी किंवा त्यानंतर निर्मिलेली असावी लागते आणि तिच्यावर यापूर्वी असा संच बसवलेला नसावा लागतो. संचाला ‘एआयएस-१२३’ या मानकानुसार मान्यता लागते. पुण्याची एआरएआय आणि मानेसरचे आयकॅट यांसारख्या अधिकृत चाचणी संस्था ही मान्यता देतात. संच बसवण्याचे कामही संच उत्पादकाने अधिकृत केलेल्या केंद्रातच व्हावे लागते.

येथे सर्वांत महत्त्वाचा मुद्दा असा, की मान्यता संचाला ‘सर्वसाधारण’ मिळत नाही. ती विशिष्ट मॉडेल आणि त्याच्या प्रकारांपुरती असते. एका कंपनीच्या हॅचबॅकसाठी मान्य झालेला संच दुसऱ्या कंपनीच्या तेवढ्याच आकाराच्या गाडीला चालत नाही. त्यामुळे ‘मोटर तीच, बॅटरी तीच, मग अडचण काय’ या युक्तिवादाला वाहतूक खात्याच्या कार्यालयात किंमत नाही. आपल्या मॉडेलसाठी मान्यताप्राप्त संच उपलब्ध नसेल, तर रूपांतराचा विचार तेथेच थांबतो.

विनापरवाना बदलासाठी २०१९ च्या दुरुस्तीने आलेले कलम १८२-अ लागू होते. अशा प्रत्येक बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कारावास, पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही कलम ५२ चा अर्थ लावताना उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येणार नाहीत, असे स्पष्ट केले होते.

जुन्या वारसा गाड्यांचे काय?

युरोपात आणि अमेरिकेत रूपांतराची हौस मुख्यतः जुन्या, देखण्या गाड्यांभोवती वाढली. फ्रान्सने २०२० मध्ये नियम करून पाच वर्षांहून जुन्या गाड्यांच्या रूपांतराला कायदेशीर मार्ग मोकळा केला. गोव्यातही काही घरांनी बीटल, फियाट, अँबेसेडर अशा गाड्या जपल्या आहेत आणि त्या विजेवर आणण्याची कल्पना मोहात पाडणारी आहे.

परंतु १९९० ची अट लक्षात घेता यांतील बहुतेक गाड्यांना हा मार्ग बंद आहे. शिवाय जुलै २०२१ मध्ये केंद्राने ५० वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी ‘व्हिंटेज’ नोंदणीची स्वतंत्र तरतूद केली. गाडी मूळ स्वरूपात जपलेली असणे, तिच्या सांगाड्यात, बॉडीत किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसणे, ही तिची अट आहे. इंजिन उपसून काढलेली गाडी या दर्जाला मुकते. वारसा म्हणून जपलेल्या गाडीच्या बाबतीत तिचे इंजिन दुरुस्त करून घेणे हाच शहाणपणाचा मार्ग होय.

खर्चाचा हिशेब

भारतात छोट्या प्रवासी गाडीच्या रूपांतरासाठी साधारण चार ते सहा लाख रुपये खर्च सांगितला जातो. त्यातला सर्वांत मोठा वाटा बॅटरीचा असतो. येथे करांचाही परिणाम दिसतो. १ ऑगस्ट २०१९ पासून इलेक्ट्रिक वाहनावर ५ टक्के जीएसटी आहे. तीच लिथियम-आयन बॅटरी सुटी घेतली तर १८ टक्के कर लागतो. म्हणजे करप्रणाली नवी गाडी घेणाऱ्याच्या बाजूने झुकलेली आहे.

इंधनातील बचत समजण्यासाठी एक ढोबळ उदाहरण घेऊ. पेट्रोल गाडी लिटरला १५ किलोमीटर धावते आणि पेट्रोल लिटरला १०० रुपये आहे असे धरल्यास किलोमीटरमागे ६ रुपये ६७ पैसे लागतात. छोटी इलेक्ट्रिक गाडी, चार्जिंगमधील घट धरून, १०० किलोमीटरला १४ युनिट वीज घेते आणि युनिटचा दर ५ रुपये आहे असे मानल्यास किलोमीटरमागे ७० पैसे पडतात. किलोमीटरमागे बचत सुमारे सहा रुपये.

वर्षातून ३०० दिवस, रोज ३० किलोमीटर चालणाऱ्या गाडीचे वर्षाला ९,००० किलोमीटर होतात आणि बचत ५४,००० रुपये. रूपांतराला पाच लाख खर्च आला असेल तर तो वसूल होण्यास नऊ वर्षांहून अधिक काळ लागतो. रोज ६० किलोमीटर धावणारी गाडी हाच खर्च साडेचार-पावणेपाच वर्षांत भरून काढते.

आता यात नोंदणीची मुदत जमेस धरू. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. त्यानंतर तपासणी होऊन पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. इंधनाचा प्रकार बदलल्याने गाडीचे वय कमी होत नाही. बारा वर्षांची गाडी आज रूपांतरित केली तर तीन वर्षांतच ती तपासणीला उभी राहील, आणि नऊ वर्षांनी खर्च वसूल होईल तेव्हा तिचा सांगाडा एकवीस वर्षांचा झालेला असेल. तेवढ्यात बॅटरीही थकत आलेली असेल. बॅटरीवरील वाहनांच्या नोंदणी व नूतनीकरण शुल्कात केंद्राने ऑगस्ट २०२१ मध्ये सूट दिली, हा दिलासा खरा. पण तो काही हजारांचा आहे.

आता दुसरी बाजू. कारखान्यातील छोटी इलेक्ट्रिक गाडी सर्व खर्चासह साडेआठ लाखांना पडली आणि जुनी गाडी दीड लाखाला विकली, तर खिशातून सात लाख जातात. रूपांतराला पाच लाख. म्हणजे दोन पर्यायांतील खरा फरक सहा-सात लाखांचा नसून दोन लाखांच्या घरातला आहे. या दोन लाखांत नवा पत्रा, एअरबॅग, कारखान्याने बसवलेले वातानुकूलन, अधिक पल्ला, वेगवान चार्जिंगची सोय आणि बॅटरीची दीर्घ हमी मिळते. नव्या गाडीला बँका वाहन कर्ज सहज देतात. रूपांतरासाठी बहुधा वैयक्तिक कर्ज काढावे लागते आणि त्याचे व्याज अधिक असते. कर्जाचा हप्ता मांडल्यावर दोन लाखांचा हा फरकही आक्रसतो.

पल्ला आणि चार्जिंग

रूपांतरित गाडीत बॅटरी ठेवायला जागा मर्यादित असते. मूळ गाडीचा आराखडा टाकी आणि इंजिनासाठी झालेला असल्याने बॅटरीचे खोके बॉनेटखाली, मागच्या सीटखाली किंवा डिकीत विभागून बसवावे लागतात. १५ युनिट क्षमतेच्या बॅटरीतून ९० टक्के वीज वापरता आली आणि गाडी १०० किलोमीटरला १२ युनिट घेत असली, तर एका चार्जमध्ये सुमारे ११० किलोमीटर मिळतात. तुलनेसाठी, २०२२ मध्ये आलेली टाटा टियागो ईव्ही १९.२ आणि २४ युनिटच्या बॅटरींसह उपलब्ध झाली, तर २०२३ मधील एमजी कॉमेटमध्ये १७.३ युनिटची बॅटरी आहे. कंपनीने सांगितलेला पल्ला चाचणीच्या ठरावीक चक्रावरचा असतो. वातानुकूलन लावून, नेहमीच्या रस्त्यांवर त्याच्या दोन-तृतीयांश ते तीन-चतुर्थांश धरून चालणे सुरक्षित.

गोव्यासारख्या लहान राज्यात हा आकडा दिसतो तितका अपुरा नाही. राज्याची उत्तर-दक्षिण लांबी सुमारे १०५ किलोमीटर आहे. पणजी-मडगाव किंवा पणजी-फोंडा हे रोजचे जाणे-येणे ६०-७० किलोमीटरमध्ये आटोपते. अडचण येते ती राज्याबाहेर पडताना. चोर्ला घाट चढून बेळगावला जायचे तर एकाच फेरीत रूपांतरित गाडीची बॅटरी तळाला जाईल, आणि बहुतेक रूपांतरित गाड्यांना वेगवान डीसी चार्जिंगची सोय नसते. ज्या घरात बेळगाव, कोल्हापूर किंवा सावंतवाडीला वारंवार जावे लागते आणि दुसरी गाडी नाही, तेथे रूपांतराचा पर्याय बाजूला ठेवणेच बरे.

घरच्या चार्जिंगसाठी दोन्ही पर्यायांत १५ अँपिअरचा स्वतंत्र सॉकेट लागतो. त्यातून सुमारे ३ किलोवॅट मिळतात, म्हणजे १५ युनिटची बॅटरी पाच-सहा तासांत भरते. जुन्या घरांतील वायरिंग आणि अर्थिंग कित्येक वर्षांत तपासलेले नसते. गाडी कोणतीही असो, परवानाधारक वायरमनकडून स्वतंत्र लाइन, योग्य एमसीबी आणि अर्थिंग करून घेतल्याशिवाय रात्रभर चार्जिंग लावू नये.

सुरक्षिततेचा प्रश्न

कारखान्यातील गाडीचा सांगाडा बॅटरीचे वजन आणि जागा धरून आखलेला असतो किंवा त्यासाठी मजबूत केलेला असतो. तिला समोरील धडकेसाठी एआयएस-०९८ आणि बाजूच्या धडकेसाठी एआयएस-०९९ या चाचण्या उत्तीर्ण व्हाव्या लागतात. टाटाच्या पंच ईव्ही आणि नेक्सॉन ईव्ही या गाड्यांना २०२४ मध्ये भारत एनकॅपच्या चाचणीत पाच तारे मिळाले. चारचाकी वाहनांच्या बॅटरीसाठीचे एआयएस-०३८ हे मानक, बॅटरींना आगी लागण्याच्या घटनांनंतर २०२२-२३ मध्ये अधिक कडक करण्यात आले.

रूपांतरित गाडीच्या संचाची विद्युत सुरक्षितता, ब्रेक आणि वजन तपासले जाते. तथापि बॅटरी बसवलेली प्रत्यक्ष गाडी सहसा धडक-चाचणीला जात नाही. डिकीतल्या शंभर-सव्वाशे किलो वजनाच्या खोक्याचे मागून धडक बसल्यास काय होईल, याचे उत्तर ते ज्या चौकटीवर बोल्ट केले आहे तिच्या ताकदीवर अवलंबून राहते. मागचे वजन वाढले की स्प्रिंग, शॉक ॲब्सॉर्बर आणि टायर बदलावे लागतात. ही कामे अंदाजपत्रकात स्वतंत्रपणे दाखवली आहेत का, हे पाहावे.

खारी हवा आणि पावसाळा

गोव्यात या निर्णयाला आणखी एक अंग आहे. समुद्रावरची खारी हवा आणि वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस यांमुळे गाडीचा पत्रा लवकर गंजतो. इंजिन उत्तम चालते, पण दरवाज्याखालच्या पट्ट्या, चाकांवरचे कोपरे, सस्पेन्शन जेथे जोडलेले असते त्या जागा आणि खालचा सांगाडा आतून कुजलेला असतो, अशा गाड्या किनारी तालुक्यांत नवीन नाहीत. वरून केलेल्या रंगकामाने हा गंज दिसेनासा होतो, थांबत नाही.

रूपांतरात टिकून राहतो तो नेमका हाच भाग. बदलतात ती यंत्रे. उरतो तो पत्रा. म्हणून संचाची चौकशी करण्यापूर्वी गाडी रॅम्पवर चढवून, खालून बॅटरीच्या उजेडात आणि हातोडीने ठोकून पाहणे आवश्यक आहे. जेथे पत्रा भुसभुशीत लागतो, तेथे बॅटरीचे वजन पेलणारी चौकट वेल्डिंग करून टिकणार नाही. उच्च दाबाच्या वायरींचे जोड पाण्यापासून नीट बंद नसतील तर पावसाळ्यात बिघाड सुरू होतात. बॅटरीच्या खोक्याला आयपी-६७ दर्जाचे जलरोधक आवरण आहे का, याची लेखी खातरजमा करावी.

हमी, विमा आणि पुनर्विक्री

कारखान्यातील इलेक्ट्रिक गाड्यांच्या बॅटरीवर आठ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर अशी हमी आता सर्रास दिली जाते. बॅटरीच्या किमतीचा बोजा नको असणाऱ्यांसाठी एमजीने सप्टेंबर २०२४ मध्ये विंडसर या गाडीबरोबर बॅटरी भाड्याने देण्याची योजनाही आणली. रूपांतराची हमी संच उत्पादकाच्या आयुष्याएवढीच असते, आणि हा व्यवसाय अजून स्थिरावलेला नाही. हैदराबादच्या इट्रिओने सुरुवातीला मारुती अल्टो आणि वॅगन-आर यांच्या रूपांतराचे काम केले, पुढे तिने इलेक्ट्रिक तीनचाकींकडे मोर्चा वळवला. ठाण्याच्या गोगोए-वन या कंपनीचा बोलबाला झाला तो हिरो स्प्लेंडर मोटारसायकलच्या संचामुळे. सहा वर्षांनी कंट्रोलर बिघडल्यास तो कोठून मिळेल, हा प्रश्न म्हणूनच गैरलागू नाही.

रूपांतरानंतर विमा कंपनीला लेखी कळवून पॉलिसीत बदल करून घ्यावा लागतो. नोंदणी प्रमाणपत्रावर ‘पेट्रोल’ आणि रस्त्यावर ‘बॅटरी’ अशी विसंगती राहिली, तर अपघातानंतर स्वतःच्या नुकसानीचा दावा नाकारण्यास कंपनीला सबळ कारण मिळते. तिसऱ्या पक्षाच्या भरपाईची वसुलीही मालकाकडून होऊ शकते. स्वस्तात काम करून देणाऱ्या अनधिकृत गॅरेजने वाचवलेले लाख-दीड लाख अशा एका प्रसंगात कितीतरी पटींनी गमवावे लागतात. विनानोंद गाडीला पुढे कायदेशीर खरेदीदारही मिळत नाही.

टॅक्सी आणि भाड्याच्या गाड्या

जुलै २०२३ मध्ये मुख्यमंत्री प्रमोद सावंत यांनी जानेवारी २०२४ पासून नवी पर्यटक वाहने इलेक्ट्रिक असतील आणि अनेक गाड्यांचे परवाने असणाऱ्यांनी ताफ्यातील ३० टक्के वाहनांचे रूपांतर करावे, अशी घोषणा केली होती. व्यावसायिक गाडी रोज अधिक धावत असल्याने वसुलीचे गणित तिच्या बाजूने असते. मात्र दाबोळी किंवा मोपा विमानतळावरून मिळणाऱ्या लांबच्या फेऱ्या आणि दोन फेऱ्यांमधला थोडा वेळ पाहता वेगवान चार्जिंग नसलेली गाडी व्यवसायात मागे पडते. टॅक्सीमालकाने घोषणेवर न जाता प्रसिद्ध झालेली अधिसूचना आणि परवान्याच्या अटी वाचूनच पैसा गुंतवावा.

रूपांतर कोणाला परवडते

वरील विवेचनावरून रूपांतराची उपयुक्तता ठरावीक परिस्थितीपुरती सिद्ध होते. गाडी सात-आठ वर्षांच्या आतील असावी, पत्रा निकोप असावा, त्याच मॉडेलसाठी मान्यताप्राप्त संच असावा, रोजचा मार्ग ठरलेला आणि ५०-७० किलोमीटरचा असावा, रात्री घरीच चार्जिंग होत असावे आणि लांबच्या प्रवासासाठी दुसरी सोय असावी. कारखाने, शिक्षणसंस्था किंवा हॉटेलांच्या आवारात एकाच मॉडेलच्या अनेक गाड्या ठरावीक फेऱ्या मारतात, तेथेही हे गणित जुळू शकते. चांगला सांगाडा भंगारात न जाता वापरात राहतो, हा पर्यावरणाचा लाभही त्यात आहे.

इतर बहुतेक कुटुंबांसाठी कारखान्यातील छोटी इलेक्ट्रिक गाडी, किंवा बॅटरीची हमी शिल्लक असलेली तीन-चार वर्षांची वापरलेली इलेक्ट्रिक गाडी, हा अधिक निर्धास्त पर्याय ठरतो. वापरलेली गाडी घेताना हमी नव्या मालकाच्या नावे होते का आणि बॅटरीची उरलेली क्षमता किती, याचा अधिकृत सेवाकेंद्राचा अहवाल मागावा. आणि महिन्याला तीन-चारशे किलोमीटरच गाडी फिरत असेल, तर आहे ती पेट्रोल गाडी नीट सांभाळणेच सर्वांत स्वस्त पडते.

आगाऊ रक्कम देण्यापूर्वी

रूपांतराचा निर्णय घेणाऱ्यांनी पुढील गोष्टी याच क्रमाने तपासाव्यात.

१. आपल्या मॉडेलचे आणि प्रकाराचे नाव असलेले एआयएस-१२३ मान्यता प्रमाणपत्र.

२. बसवणाऱ्या केंद्राला संच उत्पादकाने दिलेले अधिकारपत्र.

३. गाडीच्या खालच्या सांगाड्याची तटस्थ मेकॅनिककडून तपासणी.

४. नोंदणी प्रमाणपत्रावर नोंद होण्याबाबत आपल्या तालुक्याच्या वाहतूक कार्यालयात आधी केलेली चौकशी.

५. विमा कंपनीचे लेखी उत्तर.

६. ब्रेकचा व्हॅक्यूम पंप, वातानुकूलन, स्टीअरिंग, सस्पेन्शन आणि कर यांसह पूर्ण अंदाजपत्रक.

७. बॅटरी, मोटर आणि कंट्रोलर यांची स्वतंत्र लेखी हमी.

यांतील पहिले प्रमाणपत्र दाखवता येत नसेल, तर पुढील सहा मुद्दे विचारण्याचे कारण उरत नाही.